सीनरी, देखावा, नेपथ्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी शाळेत, "सर, आज सीनरी काढू द्या नं." संध्याकाळी तालमीच्या हॉलवर, "सर, सीनरी केव्हा लागणार?" मी चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात नागपुरातल्या हौशी नाटकांचं नेपथ्य करतो. त्यामुळे हे दोन्ही प्रश्न एकाच दिवशी कानावर पडतात, आणि दोन्हीतल्या सीनरीचा एकमेकींशी काय संबंध, हा तिसरा प्रश्नही कोणीतरी विचारतंच. पालक विचारतात, तालमीतली पोरं विचारतात, एकदा तर टेम्पोवाल्यानं विचारलं. त्याची गोष्ट पुढे येईलच.

सीनरी म्हणजे नक्की काय? डोंगर-नदी की नाटकाचा पडदा?

दोन्ही. शिवाय तिसरा अर्थही आहे: सलूनमध्ये किंवा बैठकीच्या खोलीत फ्रेम करून लावलेलं बर्फाच्या डोंगरांचं, धबधब्याचं छापील चित्र. "भिंत रिकामी वाटते, एखादी सीनरी लावा" म्हणतात ती ही.

बोलताना गोंधळ सहसा होत नाही. "रामटेकच्या गडावरून काय सीनरी दिसते!" म्हटल्यावर तिथे कोणी पडदा शोधत नाही. पण फोनवर होतो. एका स्पर्धेच्या नाटकासाठी मला सरकारी क्वार्टरची खोली उभी करायची होती. भाड्यानं सामान देणाऱ्या एका दुकानाला मी घाईत सांगितलं, "उद्या सकाळी सीनरी पाठवा." मला म्हणायचं होतं फ्लॅट, म्हणजे लाकडी चौकटीवर कापड ताणलेल्या भिंती. सकाळी नऊला टेम्पोतून उतरली वीस फुटांची गुंडाळी. उलगडली तर धबधबा, कमळाचं तळं आणि पाणी पिणारी दोन हरणं. टेम्पोवाला म्हणाला, "तुमीच तं म्हनलं सीनरी पाठवा. सीनरी म्हंजे हेच नं?"

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. आम्ही तो पडदा उलटा टांगला. मागची कोरी मांजरपाटाची बाजू क्वार्टरची भिंत म्हणून खपून गेली. दुसऱ्या अंकात मात्र खिडकीतून ऊन येतं म्हणून मागून दिवा लावला आणि कारकुनाच्या भिंतीतून हळूहळू हरणाची शिंगं उगवली.

हा शब्द मूळचा कुठला?

आपल्याकडे आला इंग्रजीतून. इंग्रजीत तो गेला इटालियनमधून, इटालियनमध्ये लॅटिनमधून, आणि लॅटिननं घेतला ग्रीकांकडून. ग्रीक शब्द आहे "स्केने", अर्थ तंबू, झोपडी, मांडव.

तमाशाची राहुटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचं चटकन कळेल. ग्रीक नाटक उघड्यावर व्हायचं. मधोमध नाचगाण्याची गोल जागा, तिचं नाव "ऑर्केस्ट्रा". तिच्यामागे नटांनी मुखवटे आणि कपडे बदलायला एक खोपटं, ती स्केने. प्रेक्षकांनी तिच्याकडे बघावं असा मुळात हेतूच नव्हता, ती आडोशासाठी होती. पण ती सतत डोळ्यांसमोर उभी. मग तिलाच राजवाडा समजायचं, तिच्याच दारातून राजानं बाहेर यायचं, असं सुरू झालं. पुढे ती रंगवू लागले. ॲरिस्टॉटलनं या रंगकामाचं श्रेय सोफोक्लीसला दिलं आहे.

म्हणजे कपडे बदलायच्या आडोशाला रंग लागला आणि त्याची सीनरी झाली. सीन, सिनेरिओ, प्रोसिनियम हे सगळे त्याच घरातले. आपली बहुतेक नाट्यगृहं ज्या धाटणीची आहेत त्या प्रोसिनियमचा शब्दशः अर्थ "स्केनेच्या पुढची जागा". वसंतराव देशपांडे सभागृहात आपण तिकीट काढून बसतो ते शब्दाच्या हिशेबानं एका ग्रीक राहुटीसमोरच.

मग डोंगर-नदीला सीनरी कधीपासून म्हणू लागले?

इंग्रजीत सतराव्या शतकाच्या अखेरीस या शब्दाचा अर्थ होता नाटकातल्या प्रवेशांची जुळणी. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत रंगमंचावरची सजावट हा अर्थ रुळला. खऱ्याखुऱ्या डोंगर-दऱ्यांना सीनरी म्हणणं त्यानंतरचं, त्याच शतकाच्या उत्तरार्धातलं.

हा क्रम लोकांना उलटा वाटतो. आधी निसर्ग, मग त्याची नक्कल, असंच आपण धरून चालतो. निसर्ग आधीचा आहेच, पण हा शब्द आधी नकलेचा होता, मग तो अस्सलाला चिकटला. लँडस्केपचंही तेच. तो डच चित्रकारांच्या कामातून इंग्रजीत आला, साधारण १६०० च्या सुमारास, आणि सुरुवातीला त्याचा अर्थ होता "जमिनीचं चित्र". ती जमीन स्वतः लँडस्केप झाली ती नंतर.

याला कारण त्या काळची हौस. अठराव्या शतकात इंग्लंडमधली सुखवस्तू मंडळी डोंगर-तळी बघायला प्रवासाला निघू लागली. काय बघायचं हे त्यांना चित्रांनी शिकवलेलं होतं. विल्यम गिल्पिन नावाचा पाद्री तर चित्रात शोभेल तेच दृश्य चांगलं, असं सांगत नद्यांच्या काठानं फिरला. काही प्रवासी खिशात गडद काचेचा, किंचित फुगीर आरसा ठेवायचे. सतराव्या शतकातल्या क्लोद लोरां या चित्रकाराचं नाव त्या आरशाला पडलं होतं, कारण त्यात दिसणारं दृश्य त्याच्या चित्रांसारखं मवाळ रंगाचं दिसे. आरसा कसा वापरायचा? दृश्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि आरशात बघायचं.

संध्याकाळी फुटाळ्याला जा. तलावाकडे पाठ करून, हात लांब करून, मोबाइलच्या पडद्यात तलाव बघणारी दहा माणसं एका रांगेत दिसतील. अडीचशे वर्षांत फक्त आरसा बदललाय.

नेपथ्य हा शुद्ध मराठी शब्द असताना सीनरी कशाला?

"शुद्ध" म्हणजे काय हा वाद बाजूला ठेवू. नेपथ्य संस्कृत आहे, आणि आज आपण तो ज्या अर्थानं वापरतो तो त्याचा मूळ अर्थ नाही.

संस्कृतात नेपथ्य म्हणजे नटाचा वेष, साजशृंगार, आणि तो जिथे चढवायचा ती पडद्यामागची जागा. नाट्यशास्त्रातल्या मध्यम आकाराच्या लांबट नाट्यगृहाचं माप आहे ६४ हात लांब, ३२ हात रुंद. त्याचे दोन सारखे भाग करायचे. पुढचा प्रेक्षकांचा. मागच्याचे पुन्हा दोन, त्यातला पुढचा रंगमंचाचा आणि अगदी मागचा नेपथ्यगृहाचा. संस्कृत नाटकांत "(नेपथ्ये)" अशी सूचना आली की समजायचं, आवाज आतून येतोय, बोलणारा दिसत नाही.

आज नाटकाच्या जाहिरातीत "नेपथ्य" असं छापून पुढे ज्याचं नाव येतं, त्यानं सोफा, जिना, खिडकी, भिंतीचा रंग ठरवलेला असतो. म्हणजे नेमकं तेच, जे प्रेक्षकाला दिसतं. राज्य नाट्य स्पर्धेत नेपथ्याचं बक्षीस असतं ते याच कामाचं. आणि तरी वर्तमानपत्रात "नेपथ्यात हालचालींना वेग" असं छापून येतं तेव्हा अर्थ जुनाच असतो, पडद्यामागे.

मला यात गंमत वाटते ती वेगळीच. स्केने म्हणजे कपडे बदलायचं खोपटं. नेपथ्य म्हणजे कपडे चढवायची खोली. दोन भाषा, दोन देश, एकाचा दुसऱ्याशी व्युत्पत्तीचा काडीचाही संबंध नाही. पण दोन्ही शब्द मेकअपच्या खोलीत जन्मले आणि चालत चालत प्रेक्षकांसमोर येऊन उभे राहिले. शब्दांनाही स्टेजची हौस असते म्हणायची.

तेव्हा सीनरी कशाला, याचं उत्तर असं: रंगवलेल्या पडद्याला सीनरी म्हणा, सगळ्या मांडणीला नेपथ्य म्हणा. रंगमंचावरच्या सुताराला काहीही म्हटलं तरी कळतं, फक्त फोनवर माप सांगा.

संस्कृत नाटकात सीनरी नव्हतीच का?

आपल्या अर्थानं रंगवलेले देखावे नव्हते. जागा शब्दांनी आणि चालण्यानं उभी करायची. रंगमंचाचे कल्पनेनं भाग पाडलेले असायचे, त्याला कक्ष्याविभाग म्हणत. नट चार पावलं फिरला की अरण्यातून राजवाड्यात पोचला. वस्तू अगदीच नव्हत्या असं नाही. बांबू, चटई, कातडं, कापड यांतून रथ, विमान, डोंगर असं काहीबाही बनवायचे, त्याला "पुस्त" हा शब्द आहे.

पण खरं काम शब्दांचं. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंत म्हणतो, तपोवन आलं हे न सांगताही कळतं. त्यानं काय पाहिलं ते तो बोलतो: पोपटांच्या ढोलीतून झाडाखाली सांडलेले नीवाराचे, म्हणजे रानभाताचे, दाणे, इंगुदीची फळं फोडून तेलकट झालेले दगड, आवाजाला न बुजणारी हरणं. रंगमंच रिकामाच, आणि बसल्या जागी आश्रम दिसतो. माझ्या त्या वीस फुटी पडद्यावरही हरणं होती, पण कालिदासाची जास्त बरी.

कालिदासाचं नाव निघालंच आहे तर: मेघदूतातला यक्ष ज्या रामगिरीवर आहे तो रामगिरी म्हणजे रामटेक, असं मत नागपूरचे संशोधक वा. वि. मिराशी यांनी हिरिरीनं मांडलं. इतर ठिकाणांचेही दावे आहेत. आषाढात गडावर उभं राहून खिंडसी तलावावर ढग उतरताना पाहिले की नागपूरकर दुसऱ्या कुठल्या दाव्याचं ऐकून घेत नाही, हे वेगळं.

पडद्याला "यवनिका" म्हणतात, म्हणजे तो ग्रीकांचा का?

संस्कृतात ग्रीकांना यवन म्हणत, त्यावरून असा तर्क एके काळी जोरात होता. पण ग्रीक रंगभूमीवर असा पडदाच नव्हता, तर तो देणार कुठून? शिवाय "जवनिका" असंही रूप आहे. नावावरून फार तर एवढं म्हणता येईल की ते कापड परदेशी असावं.

मराठी नाटकात रंगवलेले पडदे कधी आले?

विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत सीतास्वयंवर केलं तेव्हा थाट साधा होता. सूत्रधार गाऊन सांगणार, गणपती-सरस्वती येणार, बाकी प्रेक्षकांनी समजून घ्यायचं. पुढे इंग्रजी आणि पारशी कंपन्यांचे रंगीत पडदे लोकांनी पाहिले आणि मराठी कंपन्यांनाही ते हवेसे झाले. संगीत नाटकांच्या भरात राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा, जंगलाचा पडदा असा संच प्रत्येक मंडळीकडे असायचा. नाटक बदललं तरी रस्ता तोच.

हे पडदे रंगवणारे मोठे चित्रकार होते. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे नात्यातले भाऊ या कामात इतके नावाजले की पेंटर हेच त्यांचं आडनाव झालं. बाबूराव पेंटर पुढे सिनेमात गेले हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यांचा हात बसला तो नाटकाच्या पडद्यांवर.

काम कसं चालायचं ते थोडं सांगतो, कारण आता ते करणारे हात कमी झालेत. मांजरपाटाचे पाट शिवून एक करायचे. त्यावर खळीचा हात मारून वाळवायचं, म्हणजे रंग कापडात शिरत नाही. भुकटीचे रंग गरम सरसात कालवायचे. सरस जास्त झाला की पडदा गुंडाळताना तडे जातात, कमी झाला की नटाच्या अंगरख्याला आकाश लागतं. ओला रंग गडद दिसतो आणि वाळल्यावर दोन छटा फिका पडतो, त्यामुळे नवशिक्या रंगाऱ्याची संध्याकाळ दुसऱ्या दिवशी सकाळ झालेली असते. मी केलेल्या पहिल्या पडद्याची तशीच झाली होती.

झाडीपट्टीच्या नाटकांत अजून सीनरी असते का?

असते. ज्यांना नाटकाचा पडदा म्हणजे काय हे बघायचं असेल त्यांनी नागपूरच्या वातानुकूलित सभागृहातून उठून वडशाच्या बाजूला जावं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात धान निघाल्यावर, मंडई (म्हणजे गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्तानं, रात्र-रात्र नाटकं चालतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या मंडळ्यांचं ठाणं. तिथे नाटक बुक करायला माणसं येतात तशी आपल्याकडे मंगल कार्यालय बुक करायला जातात. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या अनेकांनी या रंगभूमीचं नाव पहिल्यांदा ऐकलं. ही काही अभिमानानं सांगण्याची गोष्ट नव्हे.

नावाकडे मात्र लक्ष द्या. झाडी म्हणजे जंगल. झाडीचा पट्टा, म्हणून झाडीपट्टी. बाकी जग नाटकातला शब्द उचलून जंगलाला देत होतं, इथे जंगलाचं नाव नाटकाला लागलं.

देखावा आणि सीनरीत फरक काय?

देखावा आला "देखणे" वरून. जे दिसतं तो देखावा. देखणा, देखणी, देखरेख, देखत सगळे भाऊबंद. जुन्या लिखाणात सृष्टीचा देखावा, सूर्यास्ताचा देखावा असं सर्रास आढळतं. मग तो नाटकात गेला, गणपतीच्या मंडपात गेला: "यंदा कशाचा देखावा आहे?" आणि तिथून पुढे सरकून खोटेपणापर्यंत पोचला: "नुसता देखावा आहे हो, आत काही नाही."

म्हणजे सीनरी नकलेकडून अस्सलाकडे गेली आणि देखावा अस्सलाकडून नकलेकडे. वाटेत कुठेतरी मांडवात दोघांची गाठ पडली असावी. नागपुरात मिरवणुकीतल्या चाकावरच्या देखाव्याला हिंदीच्या शेजारामुळे "झाँकी" म्हणतात. रामनवमीच्या शोभायात्रेला रस्त्याच्या कडेला जागा धरून बसलेला माणूस "झाँक्या" मोजतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तेच "चित्ररथ" होतात.

लँडस्केपला मराठीत काय म्हणावं?

चित्र असेल तर निसर्गचित्र. पण एक खड्डा सांभाळा. शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला निसर्गचित्र म्हणजे समोर ठेवलेली पानाफुलांची फांदी, डोंगर नव्हे. दरवर्षी एखादं पोर फांदी बाजूला ठेवून सूर्योदय काढतं. प्रत्यक्ष दिसणारं असेल तर निसर्गदृश्य किंवा नुसतं दृश्य. भूगोलातला शब्द हवा असेल तर भूदृश्य. भूरूप मात्र वेगळं, ते एकेका डोंगराचं, दरीचं, पठाराचं.

सृष्टिसौंदर्य हा शब्द मला आवडतो, पण तो उच्चारला की निबंधाची वही आठवते.

नागपूरकर "काय सीन आहे?" म्हणतात तो हाच सीन का?

हाच. "काय सीन हाय बे?" म्हणजे काय चाललंय, कसं काय. "सीन झाला नं" म्हणजे गडबड झाली. ग्रीक राहुटी सक्करदऱ्याच्या पानठेल्यापर्यंत आली ती अशी.

सेमिनरी हिल्स हे नाव सीनरीवरून आलं का?

नाही. तिथे सेंट चार्ल्स सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवणारी शाळा आहे, तिच्यावरून ते नाव. तिथून शहराची सीनरी छान दिसते म्हणून हा प्रश्न येतो. दर वर्षी येतो.

सीनरी की सिनरी? अनेकवचन काय?

सीनचा सी दीर्घ, तो सीनरीतही ठेवावा. ती सीनरी, त्या सीनऱ्या. सीन मात्र पुल्लिंगी, तो सीन, आणि देखावाही तो. नेपथ्य ते. पोरं सीनऱ्या म्हणतात तेव्हा तो शब्द आता इंग्रजी राहिला नाही असं खुशाल समजावं. ज्या शब्दाला आपला प्रत्यय लागला तो आपला झाला.

सगळी मुलं सीनरीत दोन टोकदार डोंगर आणि मधे सूर्य का काढतात?

हा प्रश्न एका आजोबांनी नातवाची वही पुढे करून विचारला होता. दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, खाली वळत येणारी नदी, काठाला झोपडी आणि नारळाचं झाड. मोर कधी असतो, कधी नसतो.

नागपूर दख्खनच्या काळ्या दगडाच्या पूर्वेच्या काठावर बसलंय. हा दगड लाव्ह्याच्या थरांचा. त्याचे डोंगर झिजून सपाट माथ्याचे होतात, टोकदार होत नाहीत. आसपास कडुनिंब, पळस, मोह, काटोलकडे संत्री. म्हणजे वहीतलं एकही चिन्ह खिडकीबाहेरचं नाही. ते आलं दुसऱ्या वहीतून, ती तिसरीतून, आणि मागे कुठेतरी एखादा नाटकाचा नाहीतर फोटो स्टुडिओचा पडदा असणार.

आजोबा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "पण मास्तर, आपल्या बर्डीला दोन टेकड्या आहेतच की. एक मोठी, एक लहान." खरंच आहेत, सीताबर्डीचा किल्ला त्यांच्यावरच उभा आहे. मी म्हटलं, त्यांचे माथे सपाट आहेत आणि मधून मेट्रो दिसते, सूर्य नाही. पुढच्या आठवड्यात नातू वही घेऊन आला. दोन टेकड्या, दोन्ही टोकदार, मधे सूर्य, आणि नदीच्या जागी मेट्रो. नारळ होताच.